संत्र्याचे कलम : आधी मूळ पाहा, मग शेंडा



मृगाचा पाऊस पडून जमिनीत ओल मुरली की आपल्या सौंसर-पांढुर्णा भागात संत्र्याच्या कलमांची खरेदी सुरू होते. कोणी जुना बगीचा काढून नवा लावतो, तर कोणी कपाशीचे वावर मोडून पहिल्यांदाच संत्र्याकडे वळतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची सीमा आखली गेली आणि आपण नागपूरपासून वेगळे झालो; पण संत्र्याने ती सीमा कधी मानली नाही. काटोल, वरुड, पांढुर्णा, सौंसर हा सारा एकच संत्र्याचा पट्टा आहे. या पट्ट्याचे सुख एक आणि दुखणेही एकच.

हे दुखणे आपण सर्वांनी पाहिले आहे. झाड सात-आठ वर्षांचे होते, दोन-तीन बहार देते आणि मग पाने पिवळी पडू लागतात. शेंडे वाळतात, बुंध्यातून डिंक गळतो. एखाद्या वर्षी झाडावर खूप फळे लागतात, पण ती लहानच राहतात आणि पुढच्या उन्हाळ्यात झाड उभ्याउभ्या वाळते. "बगीच्याले कोनाची तरी नजर लागली जी, फादर," असे शब्द आमच्या कानांवर अनेकदा पडले आहेत. नजर कोणाचीही लागलेली नसते. पुष्कळ वेळा हा रोग कलम विकत घेतले त्याच दिवशी, त्याच्या मुळांबरोबर, आपल्या वावरात आलेला असतो.

म्हणून या पाठात आपण एकाच गोष्टीचा विचार करणार आहोत : निरोगी कलम कसे ओळखावे आणि शक्य असेल तर ते घरच्या घरी पिशवीत कसे तयार करावे. संत्र्याला फळे धरायला पाच-सहा वर्षे लागतात. तोपर्यंत विहीर, मोटार, खत, मजुरी यांवर घरातला पैसा जात राहतो. या सर्व खर्चात कलमाची किंमत सर्वांत लहान असते. तेथे वाचवलेले चार पैसे दहाव्या वर्षी सारा बगीचा घेऊन जातात.

१. रोग येतो कोठून?

डिंक्या, पायकूज आणि मूळकूज ही तीन नावे असली तरी त्यांच्या मुळाशी बहुधा एकच शत्रू असतो. त्याचे शास्त्रीय नाव फायटोफ्थोरा. जर्मन शास्त्रज्ञ अँटन द बारी यांनी १८७६ साली हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'वनस्पतींचा नाश करणारा' असा होतो. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजले, मोठा दुष्काळ पडला, सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितक्याच लोकांनी देश सोडला. ते पीक कुजवणारा रोग याच कुळातला होता. आमच्या संत्र्यावर येतात ते त्याचे भाऊबंद.

हा शत्रू मातीत राहतो. त्याचे सूक्ष्म बीजाणू पाण्यात पोहू शकतात. माती भिजून पाणी साचले की ते एका मुळाकडून दुसऱ्या मुळाकडे जातात. पावसाच्या थेंबाबरोबर माती उडाली की ते खोडावर चढतात. कोरड्या दिवसांत ते मातीत दडून राहतात. त्यामुळे वर्षानुवर्षे त्याच वाफ्यांत संत्र्याची पन्हेरी टाकली जाते, तेथे रोग वाढत जातो. जुन्या बगीच्याला लागून पन्हेरी असेल तर विचारायलाच नको.

जमिनीतल्या वाफ्यातून कलम उपटताना आणखी एक हानी होते. बारीक तंतुमुळे तुटून जमिनीतच राहतात आणि हाती येते ते जाड सोटमूळ. झाड पाणी आणि अन्न घेते ते या केसांसारख्या मुळ्यांनी. त्या गेल्या म्हणजे हिरवागार शेंडा असलेले कलमही उपाशीच असते. पेरणाऱ्याच्या दाखल्यात खडकाळ जमिनीवरचे रोप ऊन तापताच करपले, कारण त्याला मूळ नव्हते, हे आपण वारंवार ऐकतो. प्रभूचे श्रोते शेतकरी होते. त्यांना हे लगेच उमगले असेल.

२. कलम घेताना काय पाहावे?

आपण बाजारात भाजी घेताना ती उलटसुलट करून पाहतो, पण वीस-पंचवीस वर्षे सोबत राहणारे झाड मात्र नुसता शेंडा पाहून घेतो. पुढील पाच गोष्टी तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पहिली गोष्ट, मुळे. एक-दोन कलमे पिशवीतून काढून दाखवा असे विक्रेत्याला सांगावे. चांगली मुळे पांढरी किंवा फिकट पिवळी आणि भरघोस असतात. काळपट दिसणारी बारीक मुळी दोन बोटांच्या चिमटीत धरून हलकेच ओढावी. तिची साल मोज्यासारखी निघून आत नुसता दोरा उरला, तर ती मुळी कुजलेली आहे. असे कलम फुकट मिळाले तरी घेऊ नये.

दुसरी गोष्ट, सोटमूळ. ते सरळ खाली गेलेले असावे. रोप एका जागेवरून दुसऱ्या जागी लावताना घाई झाली तर मूळ वर वळते आणि हंसाच्या मानेसारखा बाक येतो. हा बाक पुढे सुधारत नाही. झाड मोठे झाले की तेथेच अडते.

तिसरी गोष्ट, डोळ्याची उंची. डोळा जमिनीपासून निदान एक वीत, म्हणजे २० ते २५ सेंटिमीटर वर भरलेला असावा. खाली भरलेला डोळा लावणीनंतर मातीत गाडला जातो आणि डिंक्याला आयते घर मिळते.

चौथी गोष्ट, जोड. खुंट आणि कलम यांचा जोड गुळगुळीत भरलेला असावा. तेथे फुगवटा, चीर किंवा डिंकाचा थेंब नसावा.

पाचवी गोष्ट, मातृवृक्ष. डोळे कोणत्या झाडांवरून घेतले आणि त्या झाडांची विषाणूंसाठी तपासणी झाली आहे काय, हे स्पष्ट विचारावे. खरेदीची पावती घ्यावी. प्रामाणिक विक्रेत्याला या प्रश्नांचा राग येत नाही.

३. पिशवीतले कलम म्हणजे काय, आणि काय नव्हे

नागपूरला अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. ही संस्था १९८० च्या दशकात राष्ट्रीय संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली. जमिनीतल्या वाफ्याऐवजी निर्जंतुक केलेल्या मातीत, आधी ट्रेमध्ये आणि मग पॉलिथीनच्या पिशवीत रोपे वाढवावीत, ही पद्धत तिने या भागात रुजवली. अशा कलमाची सर्व तंतुमुळे शाबूत राहतात. लावणीच्या दिवशी त्याला धक्का बसत नाही, आणि रोगट जमिनीशी त्याचा संबंधच आलेला नसतो.

परंतु येथे एक इशारा द्यावासा वाटतो. पिशवीत आहे म्हणून कलम निरोगी, असे मुळीच नाही. रोगट वावरातली माती पिशवीत भरली तर रोगही पिशवीत भरला. जमिनीतून उपटलेले कलम विक्रीच्या आठ दिवस आधी पिशवीत बसवले, तरी तेही 'पिशवीतले कलम' म्हणूनच विकता येते. पिशवी हे भांडे आहे. भांड्याच्या आत काय आहे, ते महत्त्वाचे.

४. घरी शंभर कलमे कशी तयार करावीत?

वीस बाय वीस फुटांवर लागवड केली तर एकरी सुमारे १०८ झाडे बसतात. म्हणजे शंभर-सव्वाशे कलमे एका कुटुंबाची एका एकराची गरज भागवतात. बी टाकल्यापासून कलम लावणीला येईपर्यंत साधारण दीड ते पावणेदोन वर्षे लागतात. त्याआधीच्या उन्हाळ्यात माती तयार करावी लागते. ज्यांना दोन वर्षांनी बगीचा लावायचा आहे, त्यांनी आजच सुरुवात करावी.

माती तापवणे. संत्रा, लिंबू किंवा मोसंबी कधीही लावलेली नाही अशा जागेची पोयट्याची माती घ्यावी. माती, नदीची रेती आणि पूर्ण कुजलेले शेणखत समान भागांनी मिसळावे. नुसती काळी माती नको. ती पाणी धरून ठेवते आणि मुळे गुदमरतात. १२ बाय ८ इंचांच्या शंभर पिशव्यांना साधारण सव्वातीनशे लिटर, म्हणजे सुमारे पंचवीस घमेली मिश्रण लागते.

एप्रिलच्या मध्यावर हे मिश्रण उघड्या उन्हात, शक्यतो सिमेंटच्या खळ्यावर, एक वीत जाडीच्या थरात पसरावे. हाताला ओल लागेल इतके पाणी शिंपडावे. वर पातळ, पारदर्शक पॉलिथीन अंथरून चारही कडा मातीने दाबून टाकाव्यात. पॉलिथीन काळे नसावे. पारदर्शक कागदातूनच ऊन आत जाते आणि उष्णता अडकून राहते. सहा आठवडे कागद उघडू नये. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. जे ऊन आपल्याला भाजते, तेच येथे फुकटचे औषध होते. पाऊस लागण्यापूर्वी हे मिश्रण स्वच्छ पोत्यांत भरून जमिनीपासून उंच ठेवावे. वापरताना शेणखतात वाढवलेले ट्रायकोडर्मा त्यात मिसळले तर उत्तम. ही मित्र बुरशी रोगाच्या बुरशीला वाढू देत नाही.

बी. खुंटासाठी जंभेरीची पूर्ण पिकलेली फळे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये झाडावरून तोडून घ्यावीत. जमिनीवर पडलेली फळे घेऊ नयेत, कारण त्यांना मातीतला रोग लागलेला असू शकतो. बिया काढून राखेने चोळाव्यात आणि चिकटपणा जाईपर्यंत धुवाव्यात. पाण्यावर तरंगतील त्या टाकून द्याव्यात. उरलेल्या सावलीत एक-दोन दिवस सुकवून लगेच पेराव्यात. जंभेरीचे बी ज्वारीसारखे कणगीत ठेवता येत नाही. ते पूर्ण वाळले की उगवण्याची शक्ती जाते. शंभर कलमांसाठी निदान तीनशे बिया टाकाव्यात. इतक्या का, ते पुढे कळेल.

ट्रे किंवा तळाला भोके पाडलेले लाकडी खोके तापवलेल्या मिश्रणाने भरावे आणि बी बोटाच्या अर्ध्या पेरापर्यंत खोल टाकावे. हिवाळ्यात उगवायला तीन-चार आठवडे लागतात. रोज झारीने हलके पाणी द्यावे. नाल्याचे किंवा जुन्या बगीच्यातून वाहून आलेले पाणी वापरू नये. विहिरीचे पाणी बरे.

निवड. जंभेरीच्या एका बीतून पुष्कळदा दोन-तीन कोंब निघतात. त्यांपैकी बहुतेक मातृवृक्षाच्याच पेशींपासून आलेले, आईसारखे असतात. एखादा कोंब परागापासून झालेला, म्हणजे वेगळ्या गुणांचा असू शकतो. बगीचा एकसारखा हवा असेल तर खुंटही एकसारखे हवेत. रोपे चार-पाच इंचांची झाली की फार खुजी, फार उंच सुटलेली आणि वेगळ्या पानांची रोपे काढून टाकावीत. मग प्रत्येक रोप हळूच उचलून मूळ पाहावे. वाकडे मूळ असेल तर तेही टाकावे. निम्मी रोपे गेली तरी हळहळू नये. या दिवशी फेकलेल्या रोपाला पाच पैसेही लागलेले नसतात. आठव्या वर्षी मरणाऱ्या झाडाला आठ वर्षे लागलेली असतात.

पिशवी. पिशवीच्या तळाला आणि खालच्या बाजूंना आठ-दहा भोके असावीत. मिश्रण भरून मधोमध बोटाने खोल भोक करावे. सोटमूळ त्यात सरळ सोडावे आणि बाजूने माती दाबावी. मूळ भोकापेक्षा लांब असेल तर धारदार कात्रीने टोक कापावे, पण ते दुमडून आत कोंबू नये. सुनेच्या हाती हे काम उत्तम होते असे घराघरांत म्हणतात; आमच्या मते ते मुलाच्याही हाती तितकेच चांगले होते, फक्त घाई नको.

पिशव्या उघड्या जमिनीवर ठेवू नयेत. विटा रचून त्यांवर बांबूची तट्टी टाकावी आणि पिशव्या तीवर मांडाव्यात. यामुळे जास्तीचे पाणी निथळते, जमिनीतला रोग वर चढत नाही आणि भोकातून बाहेर आलेले मूळ हवेने आपोआप थांबते. मग आतल्या आत नवी तंतुमुळे फुटतात. पिशवी जमिनीवर असली तर तेच मूळ खाली घुसते आणि उचलताना तुटते. वर हिरव्या जाळीची किंवा पऱ्हाटीची अर्धी सावली करावी. पाणी रोज द्यायचेच असा नियम करू नये. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच द्यावे. पिशवीत रोपे मरतात ती तहानेपेक्षा जास्त पाण्यानेच अधिक.

डोळा भरणे. पुढच्या हिवाळ्यापर्यंत खुंट पेन्सिलीएवढा जाड होतो. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात साल सुटते, तेव्हा डोळा भरावा. हे काम कुशल माणसाकडून करून घ्यावे आणि जवळ बसून शिकावे. सुरी प्रत्येक झाडानंतर पुसून निर्जंतुक करावी. पट्टी साधारण तीन आठवड्यांनी सोडावी आणि डोळा हिरवा असेल तर वरचा खुंट छाटावा. खुंटावर येणारी जंभेरीची फूट वेळोवेळी काढत राहावी.

डोळकाडी कोठून आणावी, हा सर्वांत मोठा प्रश्न आहे. शेजारच्या बगीच्यातले झाड कितीही गोड फळे देत असले तरी त्याच्या अंगात विषाणू असू शकतो, आणि तो डोळ्याबरोबर आपल्या शंभर कलमांत जातो. जगाने याची फार मोठी किंमत मोजली आहे. अटलांटिक महासागरातील अझोर बेटांवर १८३० च्या दशकात पायकुजीने संत्र्याची झाडे मेली. तेव्हापासून देशोदेशीचे बागायतदार पायकुजीला टिकणाऱ्या आंबट नारिंगाच्या खुंटाकडे वळले. शंभर वर्षांनी, १९३० च्या दशकात, अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये त्याच खुंटावरची लाखो झाडे एका विषाणूने वाळली. लोकांनी त्या रोगाला 'ट्रिस्टेझा' म्हटले. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ दुःख. हा रोग डोळ्यातून आणि मावा किडीतून पसरतो, बियांतून नाही. आपली जंभेरी त्याला बऱ्यापैकी टिकते, पण मूळकुजीला मात्र बळी पडते. सर्व रोगांना पुरून उरेल असा एकही खुंट नाही. म्हणून खुंटासाठी तापवलेली माती आणि डोळ्यासाठी तपासलेला मातृवृक्ष, ही दोन्ही पथ्ये सोबत पाळायची असतात. डोळकाडीबद्दल नागपूरच्या संस्थेत किंवा छिंदवाड्याजवळच्या चंदनगाव येथील कृषी विज्ञान केंद्रात विचारावे. चार-पाच घरांनी मिळून एक माणूस पाठवला तर खर्चही वाटला जातो.

५. लावणीच्या दिवशी

डोळ्याची फूट दीड फुटाची झाली की जुलै-ऑगस्टमध्ये कलम लावावे. ते आणखी एक वर्ष पिशवीत ठेवण्याचा मोह टाळावा. मुळे तळाशी गोल गोल फिरतात आणि मोठेपणी एकमेकांचा गळा आवळतात. पिशवी ब्लेडने उभी चिरून काढावी, पण मातीचा गोळा फुटू देऊ नये. तळाशी वेटोळे दिसले तर ते तेवढे कापून टाकावे. जोड जमिनीच्या वर एक वीत राहील अशा बेताने कलम बसवावे. खोडाभोवती मातीचा उंचवटा करून त्याच्या बाहेर दुसरे आळे करावे, म्हणजे पाणी मुळांना मिळते पण खोडाला शिवत नाही. पाणी साचणाऱ्या वावरात आधी चर काढावा. इतक्या कष्टाने तयार केलेले कलम मोकाट पाण्यात उभे केले, तर सारी मेहनत वाया जाईल.

पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खोडाला बोर्डो मलम लावावे. त्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी घ्यावे. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत भिजवावेत आणि मग एकत्र करावेत. लोखंडी भांडे वापरू नये.

६. आरोग्याचे दोन शब्द

मोरचूद हे विष आहे. त्याचा निळा रंग लहान मुलांना खडीसाखरेसारखा ओढून घेतो. ते कुलपात ठेवावे. ज्या भांड्यात मलम केले ते पुन्हा स्वयंपाकात किंवा जनावरांच्या पाण्यासाठी वापरू नये. चुना फोडताना तोंड दूर ठेवावे. उडालेला थेंब डोळ्यात गेला तर भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवून लगेच दवाखान्यात जावे. कोणतेही औषध हातमोजे घालून, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच वापरावे. काम झाल्यावर साबणाने अंग धुतल्याशिवाय तंबाखू, विडी किंवा भाकरीला हात लावू नये.

७. गटात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात गेल्या दहा वर्षांत किती बगीचे वाळले? त्यांची कलमे कशी आणली होती?

२. आपल्या बगीच्यातील एका झाडाची बारीक मुळी काढून चिमटीत ओढून पाहा. साल निघाली काय?

३. माती तापवण्यासाठी लागणारे पॉलिथीन, ट्रे आणि सावलीची जाळी चार घरांनी मिळून घेता येईल काय?

४. डोळा भरण्याचे काम शिकायला आपल्या गटातून कोण तयार आहे?

शेवटी एवढेच सांगतो. ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. कार्यालये जवळ आली, ही चांगली गोष्ट आहे. पण झाडाचे मूळ पाहायला कोणताही अधिकारी आपल्या आधी येणार नाही. ते आपणच वाकून पाहायचे आहे. ज्या घरात आज शंभर पिशव्या सावलीत उभ्या राहतील, त्या घरातील लेकरे मोठी होतील तेव्हा त्यांच्या हाती कर्जाच्या कागदांऐवजी फळांच्या टोपल्या असाव्यात, हीच आमची प्रभूजवळ प्रार्थना.